दादाचा लाकडी मासा आणि माझी डाळ

आधीच सांगून ठेवते. मासा दादाने केला हे खरं, पण तो पाण्यात चालला माझ्या डाळीमुळे. लोक ही हकीकत सांगतात तेव्हा डाळ तेवढी गाळतात, आणि मग माझं टाळकं सटकतं. म्हणून म्हटलं, मीच सांगते.

दादा म्हणजे जानू, माझा थोरला भाऊ. त्रेसष्ट वर्षांचा. मी कमळा. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. माझा नवरा गेला, दादाची बायको गेली, तेव्हापासून आम्ही बहीणभाऊ एका घरात राहतो आणि सकाळ-संध्याकाळ भांडतो. रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडून खाडीच्या कडेकडेने आत गेलात की आमची वाडी. पुढे खाडी, मागे सडा, म्हणजे कातळाचं माळरान, आणि सड्यावर एक जुनी चिरेखाण. चिरे काढून काढून पार खोल गेली, मग मालकाने सोडून दिली. पावसाचं गोडं पाणी त्यात बारा महिने साठलेलं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पाण्याबरोबर कधीतरी मरळ आत शिरली, आणि तिथेच पोसली. मरळ म्हणजे काय मासा, बाय माझी! अंगावर चट्टे, तोंडभर दात, आणि बेडूक हलला की गप्पकन आत.

दादा मुंबईत सुतार होता. पण खुर्च्या-टेबलं करणारा नव्हे हो. लोखंडाचा पार्ट ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो, त्याला साचा म्हणतात. दादा ते साचे करायचा. केसाएवढी चूक चालत नाही त्यात. एकतीस वर्षं केलं. मग एके दिवशी पट्ट्याच्या करवतीने उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याशेजारची. कारखान्याने घरी बसवला. हत्यारांची पेटी घेऊन गावी आला, पेटी खाटेखाली सरकवली, कुलूप घातलं आणि वर आपण बसला. बसला तो सात वर्षं.

दाराची कडी निघाली तरी म्हणायचा, "रघूला सांग." रघू आमच्या गावचा सुतार, दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. अरे, घरात एवढा मोठा कारागीर, आणि कडी लावायला बाहेरचा माणूस! मी बडबड बडबड करायची, तो भिंतीकडे बघायचा. आणि तो हात? खांद्यावरचा पंचा कायम त्या हातावर. त्याच्या मुलाच्या, धम्मदीपच्या लग्नाचा आल्बम आहे आमच्याकडे, एवढा जाडजूड. सगळ्या फोटोंत दादा आहे, पण त्याचा उजवा हात एकाही फोटोत नाही.

गेल्या नाताळात धम्मदीप मुंबईहून आला तो मासे मारायचा रॉड घेऊन. बरोबर डबाभर प्लास्टिकचे खोटे मासे. त्यातला सगळ्यात लाडका, वीतभर लांबीचा, पहिल्याच फेकीला खाणीच्या चिऱ्यावर आपटला आणि फुटला. पोरगं अगदी रडकुंडीला आलं. लग्न झालेला बाप्या, आणि खेळणं मोडल्यासारखा चेहरा! दादाने ते तुकडे डाव्या हातात घेतले, उन्हात धरले, आतली शिशाची गोळी नखाने हलवून बघितली.

"हा तर साचा आहे रे," तो म्हणाला. "हे लाकडात होईल."

मी भाकरी थापत होते. हात जागच्या जागी थांबला. 'होईल' हा शब्द सात वर्षांत त्याच्या तोंडून निघाला नव्हता. त्याच दुपारी खाटेखालची पेटी बाहेर आली.

मग काय विचारता! घरभर भुसा. शिवणीचं लाकूड घेतलं, कारण ते वाकत नाही म्हणे. ते दोन गुडघ्यांत दाबायचं आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत हत्यार धरून तासायचं. पहिल्या दिवशी गुडघा कापला, दुसऱ्या दिवशी अंगठा. मी हळद घेऊन मागे, तो "हो बाजूला" म्हणून खेकसतोय. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन जुन्या जाळ्याचं शिसं आणलं, तीन काट्यांचे गळ आणले. माझ्या बीपीच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी माशाच्या अंगावर चिकटवली. डोळ्यांना काय लावलं असेल? माझ्या टिकल्या! नवं कोरं पाकीट अर्धं संपवलं मेल्याने.

आता हा मासा चालतो कसा ते ऐका, मलाही धम्मदीपने दहादा सांगितलं तेव्हा कळलं. हा स्वतःहून पोहत नाही. रॉडच्या टोकाने हिसका दिला की डावीकडे सरकतो. दोरा ढिला सोडून परत हिसका दिला की उजवीकडे. जखमी मासा भेलकांडतो ना, तसा. आणि मग थांबवायचा. खरी मेख त्या थांबण्यात आहे. थांबवला की पाण्यात मधल्या मधे, आहे तिथे राहिला पाहिजे. वर आला तर नुसती काटकी, खाली गेला तर दगड. मरळ मागून येते, बघते, आणि तो थांबला की त्याच घटकेला मारते.

हे थांबणं सगळं पोटातल्या शिशावर. विहिरीजवळ आमचा निळा ड्रम आहे, तो विहिरीच्या पाण्याने भरून ठेवला. पोटाला भोक पाडायचं, शिसं भरायचं, ड्रममध्ये सोडायचं, वाकून बघायचं, बाहेर काढायचं, कणभर खरवडायचं, परत सोडायचं. तिरका चालला तर नाकाची तार इवलीशी वाकवायची. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नसे त्याला. जानेवारीत एके दिवशी तो मासा ड्रमात मधोमध असा थांबला, असा थांबला, की दादा दोन्ही हातांनी ड्रम धरून पोरासारखा हसला.

आणि चालला की हो! प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला धम्मदीप आला, खाणीवर गेला, आणि दोन किलोची मरळ घेऊन आला. दादाने ती मरळ बघितलीच नाही. लाकडी मासा पुसला, वास घेतला, आणि भिंतीवर खिळा ठोकून टांगून ठेवला. त्याला कोणी हात लावायचा नाही. पाण्यात तर मुळीच न्यायचा नाही, हरवला तर?

धम्मदीपने व्हिडिओ टाकला. झालं! त्याचे मुंबईचे मित्र मागे लागले, आम्हाला काकांचा मासा पाहिजे. ठरलं की मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला जोडून, रविवारी पाच जण येणार आणि आमच्या खाणीवर गळ टाकणार. दादाने सहा मासे केले. एकेक असा देखणा! ड्रम पुन्हा विहिरीवरून भरला होता, त्यात सहाही जण पाण्याच्या मध्ये गुमान थांबायचे. मी वाडीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवले.

धम्मदीप गुरुवारीच आला. बापलेक सकाळी खाणीवर गेले ते दोन तासांत परत. दोघांचे चेहरे पडलेले. मासे बुडत होते. थांबवला की हळूहळू खाली, तळाच्या चिऱ्यांत. दोन तर अडकून तिथेच राहिले.

"शिसं जास्त झालं असेल," मी म्हटलं.

"ड्रममध्ये थांबतात ना पण!" दादा कडाडला. "डोळे आहेत ना तुला?"

डोळे होते. उरलेले चार पुन्हा ड्रममध्ये सोडले, चारी थांबले. शुक्रवारी पुन्हा खाणीवर नेले, चारी बुडाले. अहो, वेड लागायची पाळी! घरी शहाणे आणि खाणीवर गेले की बिघडले. लाकूड पाणी पितंय का म्हणून रंगाचा आणखी एक हात दिला. गळ बदलले, दोरा बदलला. शनिवारी पहाटे दादा एकटाच जाऊन, काठाशी हाताने मासे सोडून बघून आला, ओटीवर बसला आणि पंचा ओढून त्या हातावर घेतला. मी ओळखलं.

"हात गेला, कमळे," तो म्हणाला. "जानेवारीतला आपला लागून गेला, एवढंच. उद्या ती पोरं आली की सांग, काका आजारी आहेत."

आणि रघूला बोलावून हत्यारांची पेटी देऊन टाकली! "तुला उपयोग होईल, इथे गंजून जाईल." रघूने पेटी स्कूटरवर पायांत ठेवली आणि गेला. मी दादाला नाही नाही ते बोलले. मग परसात जाऊन रडले, त्यात लाज कसली? मासे बुडाले तर बुडाले हो. पण ती पेटी गेली म्हणजे दादा आता पुन्हा त्या खाटेवर बसणार, भिंतीकडे बघत. सात वर्षं मी तो माणूस सांभाळला होता. मला तो पुन्हा घरात नको होता. मला जानेवारीतला दादा पाहिजे होता.

रडून झालं तरी रांधायला लागतंच. तर नळ आला नव्हता. प्यायला दोन हंडे भरलेले, ते संपवून कसं चालेल? रागारागात विहिरीचं पाणी ओढलं आणि त्यात तुरीची डाळ चढवली. तासाभराने बघते तर डाळ जशीच्या तशी. दीड तास झाला. डावातला दाणा बोटांनी दाबून बघते, टणक! पहिलाच राग होता, त्यात ही भर. मी डाव पातेल्याच्या काठावर आपटला आणि ओरडले, "मेलं हे मचूळ पाणी! यात डाळ शिजणार आहे का जन्मात?"

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिमगा झाला की विहिरीचं गोडं पाणी आटतं आणि खाडीचं खारं आत झिरपतं. मे महिन्यात ते पाणी मचूळ. चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. म्हणून उन्हाळ्यात प्यायला-रांधायला नळ, आणि भांड्यांना, गुरांना विहीर. पाऊस पडला की परत गोडी. जानेवारीत अगदी नारळपाणी.

जानेवारीत!

डाव माझ्या हातातच राहिला. शाळेत पोरांना अंडी देतात ना, ती मी पाण्यात टाकून बघते, खराब असेल ते वर येतं. एकदा चुकून मिठाच्या पाण्याच्या पातेल्यात टाकली, तर सगळी चांगली अंडी टुणकन वर. बाई येऊन मलाच ओरडल्या होत्या. खारट पाणी वर उचलतं! अगो बाय! ड्रम! ड्रम कुठल्या पाण्याने भरलाय?

मी धावले ती थेट भिंतीपाशी. खिळ्यावरचा जानेवारीतला मासा ओढून काढला.

"हात लावू नको त्याला!" दादा खाटेवरून उठला.

"गप्प बस!" मी म्हटलं. थोरल्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा असं म्हटलं असेन. तो मागे, मी पुढे, विहिरीपाशी जाऊन मासा ड्रममध्ये टाकला. जानेवारीत याच ड्रममध्ये तो मधोमध थांबला होता की नाही? आता? आता तो पाण्यावर तरंगत होता, पाठ बाहेर काढून, आरामात!

दादाचं तोंड उघडं पडलं. मी त्याला बोलूच दिलं नाही. घरात जाऊन प्यायच्या पाण्याचा हंडा उचलला, मोठ्या बादलीत उपडा केला, आणि तोच मासा त्यात सोडला. थांबला! वर नाही, खाली नाही, बादलीच्या मध्ये, माझ्या टिकलीच्या डोळ्याने माझ्याकडे बघत.

दादाने ड्रममध्ये बोट बुडवलं. चाखलं.

"मचूळ," तो म्हणाला. "कमळे, मी या पाण्यात शिसं भरत बसलो. हे पाणीच उचलून धरत होतं गो त्यांना. खाणीत कोण उचलणार?"

"अख्ख्या वाडीला ठाऊक आहे विहीर मचूळ होते ते!"

"चहापुरतं ठाऊक. माशापुरता कोण विचार करतो?" आणि तो हसायला लागला. मीही हसले, धम्मदीप आतून धावत आला तर आम्ही दोघं म्हातारे ड्रमला धरून हसतोय. मग दादा एकदम थांबला. "पेटी!"

वहाणा घालायचंही सुचलं नाही मला. कातळ तापलेला, तशीच रघूच्या घरी पोचले. रघू माडाखाली बसला होता. पेटी त्याच्या शेजारी, कुलूप तसंच.

"रघूभाऊ, पेटी परत दे."

"उघडलीसुद्धा नाही गो मी," तो म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत वाट बघणार होतो. नाही कोणी आलं तर मीच आणून त्याच्या दारात आपटणार होतो. एवढा हात असलेला माणूस पेटी देतो म्हणजे काय!" त्याने स्कूटर काढली, मला मागे बसवलं, आणि पेटी मी मांडीवर घेऊन आले. वाडीतल्या बायका बघत राहिल्या, बघू देत.

संध्याकाळपर्यंत दोघा सुतारांनी मिळून चारी माशांच्या पोटातलं शिसं थोडं थोडं कोरून काढलं. रघू धरायचा, दादा कोरायचा. प्यायचं पाणी सगळं बादलीत, आम्ही शेजारून तांब्या मागून प्यायलो. चौथा मासा थांबला तेव्हा रघूने टाळी वाजवली.

रविवारी सकाळी मुंबईची पाच पोरं आली. मीही खाणीवर गेले, का नाही जाणार? जाण्याआधी मसाला वाटून ठेवला होता, ओलं खोबरं, तिरफळं, सगळं साग्रसंगीत. मित्रांनी मासे हातात घेतले, वा वा केलं, पण पहिला कोणी टाकेना. धम्मदीपने रॉड बापापुढे धरला. "बाबा, तुम्ही."

दादाने आजपर्यंत मासे केले होते, टाकला एकही नव्हता. त्याने रॉड त्या हातात घेतला. अंगठा आणि उरलेली दोन बोटं. पहिली फेक जेमतेम दहा हात गेली. कोणी हसलं नाही. दुसरी बरी गेली, पलीकडच्या भिंतीच्या सावलीत. हिसका. मासा डावीकडे सरकला, पाणी इतकं नितळ की वरून दिसत होता. ढील. हिसका, उजवीकडे. ढील. आणि दादाने थांबवला.

मासा थांबला. बुडाला नाही! मी रघूचा दंड गच्च धरला. एक, दोन, तीन मोजले, आणि सावलीतून काहीतरी काळं, लांबलचक वर आलं आणि पाणी फुटलं!

"लागला! लागला!" सगळे ओरडले, सगळ्यांत मोठ्याने मी. रॉड पार वाकला. धम्मदीप मदतीला सरसावला तर दादा ओरडला, "सरक!" मरळ तळाला ओढतेय, दादा तिला चिऱ्यांपासून तोडून आणतोय, दात-ओठ खात, पाय रोवून. तिने एकदा उडी मारली तेव्हा माझ्या तोंडून काय शब्द निघाला ते इथे सांगत नाही. पाचेक मिनिटांत ती काठाला आली. तीन किलोच्या वर! बुळबुळीत, हातात ठरेना. दादाने खांद्यावरचा पंचा पाण्यात भिजवला, तिच्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी उचलली.

"बाबा, इकडे बघा, फोटो!" धम्मदीपने मोबाइल धरला.

दादाचा हात सवयीने पंचा शोधायला गेला. पंचा माशाभोवती होता. त्याने आपल्या हाताकडे बघितलं. मग त्याने मासा आणखी वर उचलला, उजवा हात पुढे करून.

"हा हात नीट येऊ दे रे," तो म्हणाला. "यानेच केलाय."

आणि मग त्या शहाण्याने काय केलं असेल? मरळ पाण्यात सोडून दिली! "म्हातारी आहे, राहू दे तिला," म्हणे. माझा वाटलेला मसाला तसाच राहिला. घरी येऊन सगळ्यांना डाळभात वाढला. डाळ नळाच्या पाण्यातली, मऊसूत. रघू दोनदा मागून जेवला.

त्या खिळ्यावर आता तो फोटो आहे. येणारी माणसं आधी मासा किती मोठा ते बघतात. मी त्यांचा खांदा धरते आणि हात दाखवते.